ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस: १६० घरांच्या सोसायटीला हा संसार पेलेल का?

मुलुंडचा सचिव (प्रश्न)

नमस्कार. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. तीन इमारती, १६० घरे आणि मागच्या भिंतीलगत सुमारे वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशी मोकळी जागा, एवढे आमचे भांडवल. महापालिकेने २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांकडे ओला कचरा आवारातच जिरवण्याचा तगादा लावला, तेव्हा आम्ही गांडूळखताचे दोन हौद बांधले. पहिली दीड-दोन वर्षे ते बरे चालले. पुढे भाजीच्या देठांबरोबर शिळा भात, आमटी आणि सणावाराचे उरलेले गोडधोड त्यात पडू लागले, हौदांत पाणी साचून गांडुळे मेली आणि पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांनी वासाच्या तक्रारींचे अर्ज दिले. गेले वर्षभर सगळा कचरा पुन्हा महापालिकेच्या गाडीत जातो. मुलुंडची क्षेपणभूमी चालू होती तेव्हा तिचा वास आम्ही वर्षानुवर्षे घेतला आहे. आता तोच कचरा कांजूरमार्गकरांच्या वाट्याला जातो, हे मला मनापासून खटकते.

गेल्या सर्वसाधारण सभेत एका पुरवठादाराने बायोगॅसचा प्रस्ताव मांडला. आमच्याकडे रोज साधारण ८५ किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी ४ घनमीटरची टाकी पुरेल आणि महिन्याला पंधरा सिलिंडर वाचतील, असे त्याचे म्हणणे आहे. सभेत दोन तट पडले. काहींना सिलिंडरचा आकडा फार आवडला, तर काहींना टाकीचा स्फोट होईल अशी धास्ती वाटते, कारण मुलांचे खेळण्याचे मैदान तिथून चाळीस फुटांवर आहे. मला स्वतःला या विषयातले काही कळत नाही. हा आकडा खरा आहे का, वास येतो का, आणि रोजच्या रोज हे सांभाळायला प्रत्यक्षात काय लागते, हे ज्यांनी अशी टाकी चालवली आहे त्यांनी सांगावे अशी विनंती आहे. पुढच्या महिन्यात समितीला निर्णय घ्यायचा आहे.

चेंबूर, कचरा समिती

सचिव महोदय, आमच्याकडे अशी टाकी सात वर्षे चालू आहे आणि पहिल्या दिवसापासून तिची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही टाकी म्हणजे एक पोट आहे, असे समजून चाला. ते पोट ज्या जिवाणूंमुळे चालते त्यांना रोज, ठरावीक वेळी, ठरावीक प्रमाणात आणि बारीक केलेले अन्न लागते. सुरुवातीला त्यात विरजण घालावे लागते. आम्ही गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या तबेल्यातून टेंपोने म्हशीचे ताजे शेण आणले, तेवढेच पाणी घालून शेणकाला केला आणि टाकी भरून ठेवली. पहिला गॅस आठ-दहा दिवसांत आला, पण तो पेटेना, कारण सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. समितीतले लोक निराश झाले होते. तो गॅस सोडून द्यावा लागतो आणि वाट पाहावी लागते. आमची पहिली निळी ज्योत तेविसाव्या दिवशी लागली. त्यानंतरही आम्ही एकदम सगळा कचरा घातला नाही. रोज दहा किलोंपासून सुरुवात करून पूर्ण प्रमाणावर यायला दोन महिने घेतले.

आता मुख्य गोष्ट. बायोगॅसचे भवितव्य टाकीपाशी ठरत नाही, ते घरोघरच्या ओल्या डब्यात ठरते. आमच्याकडे ग्राइंडरच्या आधी स्टीलचे एक टेबल आहे, कडा उचललेले, ज्यावर दोन सफाई कामगार ताई सगळा कचरा पसरून हातमोजे घालून निवडतात. सात वर्षांत या टेबलावर चमचे, रबरबँड, औषधाच्या गोळ्यांची पाकिटे, एकदा तर मंगळसूत्राची वाटीही सापडली. पण सर्वांत जास्त त्रास कशाने झाला असेल तर दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्याने. नखाएवढा तो प्लॅस्टिकचा त्रिकोण चहाच्या चोथ्यात मिसळला की दिसत नाही, ग्राइंडरमधून सहज निसटतो आणि टाकीच्या आतल्या वळणावर जाऊन बसतो. तिसऱ्या वर्षी आमचा निचरा पाइप तुंबला, तो उघडला तेव्हा असे शेकडो त्रिकोण एकमेकांना चिकटून त्यांचा बूच झालेला होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक घरी जाऊन एवढेच सांगितले की पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, त्याला पिशवीला लटकू द्या. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण आमची टाकी त्यामुळे वाचली.

टाकीत काय घालू नये याची यादी पुरवठादार देतात, पण मुंबईच्या घरांतून काय येते ते त्यांना ठाऊक असतेच असे नाही. शहाळी, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, उसाची चिपाडे, मक्याची बुरकुंडे, केळीची पाने आणि झाडलोटीचा पाचोळा यांतले लाकडासारखे तंतू हवेशिवायच्या या पचनात जवळजवळ जसेच्या तसे राहतात. मे महिन्यात आंब्याच्या कोयी ग्राइंडरचे पाते मोडतात. अंड्याची टरफले आणि हाडे तळाशी साठून टाकीची जागा खातात. संत्र्या-मोसंब्यांच्या साली थोड्या चालतात, पण रसवाल्याकडच्या पोतेभर साली घातल्या तर त्यांतले तेल जिवाणूंना बाधते. या सगळ्यासाठी आम्ही बाजूला साध्या कंपोस्टचे दोन पिंप ठेवले आहेत. पाचोळा, देवाचे निर्माल्य आणि साली तिकडे जातात. भात, पोळ्या, आमटी, डाळ, भाज्यांचे मऊ भाग टाकीत जातात. तुमच्या गांडुळांना जे शिजवलेले अन्न सोसले नाही, तेच या टाकीचे आवडते खाद्य आहे.

आमची चूकही सांगते, कारण ती बहुतेकांची होते. दुसऱ्या वर्षी गणेशोत्सवात सोसायटीत सामुदायिक जेवणे होती. रोजचे सत्तर किलो असताना आम्ही लागोपाठ दोन दिवस दीडशे-दीडशे किलो वरण-भात, शिरा आणि मोदकांची उकड टाकीत ढकलली. कचरा आवारातच जिरला याचा आनंद होता. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन चहा ठेवायला गेले तेव्हा ज्योत शेगडीपासून उचलल्यासारखी फडफडत होती आणि दुपारपर्यंत ती विझली. गॅस भरपूर होता, पण पेटत नव्हता. इनलेटचे, म्हणजे कचरा घालण्याच्या तोंडाचे, झाकण काढले तर वर पांढरा फेस आणि आठवडाभराच्या शिळ्या ताकासारखा आंबट वास. सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच, तपासण्याची कागदी पट्टी बुडवली, तो साडेपाचच्या आसपास होता. एकोणीस दिवस आम्ही टाकीला काहीही खाऊ घातले नाही, फक्त थोडा थोडा शेणकाला आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घातला, तेव्हा कुठे ती रुळावर आली. तेव्हापासून रोज सकाळी पट्टीने सामू पाहून वहीत लिहायचा आणि तो ६.५ च्या खाली दिसला तर त्या दिवशी टाकीचा उपास, असा नियम आहे. सणाचे जास्तीचे अन्न त्याच रात्री गरजूंपर्यंत पोचवतो किंवा नाइलाजाने महापालिकेच्या गाडीत देतो.

वासाचे म्हणाल तर नीट चालणाऱ्या बंद टाकीला वास येत नाही. वास येतो तो कचरा निवडून होईपर्यंत तो पडून राहिला तर, म्हणून आमच्याकडे सकाळी दहापर्यंत निवडणे, दळणे, घालणे आणि टेबल धुणे संपलेच पाहिजे.

पार्ल्याचा रसायनशास्त्र शिक्षक

ताईंनी जे अनुभवाने सांगितले त्यामागचे कारण लिहितो, म्हणजे समितीला समजावणे सोपे जाईल.

हवा नसलेल्या टाकीत अन्नाचे विघटन एका दमात होत नाही. आधी काही जिवाणू पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडून पाण्यात विरघळतील असे करतात. मग दुसरे जिवाणू त्यांपासून निरनिराळी सेंद्रिय आम्ले तयार करतात, तिसरे त्या आम्लांचे मुख्यतः व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लात आणि हायड्रोजनमध्ये रूपांतर करतात, आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव त्यांचा मिथेन बनवतात. अडचण अशी की आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, तर मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागू शकतात आणि त्यांना सामू ७ च्या आसपासचाच मानवतो. वरण-भाताचा ढीग एकदम आला की आम्ले भराभर साठतात, ती संपवणारे मागे पडतात आणि साठलेल्या आम्लानेच ते निष्क्रिय होतात. ताईंच्या टाकीतला गॅस पेटेना, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढून मिथेन फार कमी उरला होता. निरोगी टाकीच्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो.

सामू वाढवण्यासाठी बरेच जण चुना सुचवतात. बंद टाकीत चुना बेताने वापरावा, कारण तो गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे आतला दाब एकदम उतरू शकतो, आणि तळाशी खडूसारखा गाळ बसतो. ताईंनी सोडा वापरला ते योग्य केले.

आता पुरवठादाराचा आकडा. स्वयंपाकघरातल्या एक किलो निवडलेल्या ओल्या कचऱ्यापासून साधारण ८० ते १०० लिटर बायोगॅस मिळतो असे धरले, तर ८५ किलोंपासून रोज ७ ते ८.५ घनमीटर मिळेल. एका घनमीटर बायोगॅसची उष्णता ढोबळमानाने ०.४५ किलो एलपीजीइतकी असते. म्हणजे रोज तीन ते पावणेचार किलो एलपीजी वाचेल, आणि १४.२ किलोंचा घरगुती सिलिंडर धरला तर महिन्याला सात-आठ सिलिंडर. पंधराचा आकडा जवळजवळ दुप्पट आहे, आणि कंपोस्टकडे जाणारा भाग वजा केला तर खरा आकडा आणखी खाली येईल.

टाकीचा आकार तर मला अधिक काळजीचा वाटतो. ८५ किलो कचऱ्यात तेवढेच पाणी मिसळले तर रोज १७० लिटर द्रव टाकीत जाईल आणि तेवढाच बाहेर पडेल. ४ घनमीटर म्हणजे ४,००० लिटर. त्यात कचरा जेमतेम चोवीस दिवस राहील. साध्या, न ढवळल्या जाणाऱ्या टाकीत तो निदान चाळीस दिवस राहावा, म्हणजे सुमारे ७ घनमीटर द्रवाची जागा हवी आणि वर गॅससाठी वेगळी. मुंबईच्या हवेचा फायदा एवढाच की आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने टाकी तापवावी लागत नाही. ३० ते ४० अंश सेल्सिअस या जिवाणूंना पोषक असते आणि वर्षाचा बराच काळ आपण त्याच्या जवळपास असतो.

आणखी एक. गॅस कोण वापरणार ते आधी ठरवा. या टाक्यांतला दाब पाण्याच्या आठ-दहा सेंटिमीटर उंचीएवढाच असतो, त्यामुळे तो पाइपाने सातव्या मजल्यावर पोचेल अशी आशा धरू नये. बायोगॅसच्या मोठ्या बर्नरला ताशी सुमारे अर्धा घनमीटर लागतो, म्हणजे तुमचा रोजचा गॅस संपवायला एक शेगडी चौदा ते सतरा तास पेटती राहायला हवी. न वापरलेला गॅस नुसता हवेत सोडणे सर्वांत वाईट, कारण शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापमानवाढ करतो. उरलेला गॅस जाळून टाकण्याची सोय प्रस्तावात आहे का, ते पाहावे.

कांदिवलीचा रहिवासी

आमच्याकडची टाकी बंद पडून तीन वर्षे झाली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पुरवठादाराने उद्घाटनाच्या दिवशी शेगडी पेटवून दाखवली, किल्ल्या दिल्या आणि एका सफाई कामगाराला अर्ध्या दिवसात सगळे शिकवले. देखभालीचा करार पहिल्या वर्षापुरताच होता. मे महिन्यात तो कामगार गावी गेला, पाच आठवडे टाकीत कुणी काही घातले नाही आणि तो परत आल्यावर साचलेल्या उत्साहाने पहिल्याच दिवशी पूर्ण कचरा घातला गेला. टाकी आंबली. त्यातून बाहेर येणारे अर्धवट कुजलेले पाणी आम्ही अज्ञानाने पावसाळी गटारात सोडले, शेजारच्या इमारतीने रीतसर तक्रार केली आणि समितीने कंटाळून वीज तोडली. आमची टाकीही कचऱ्याच्या मानाने लहानच होती, हे आज वरचा हिशेब वाचताना लक्षात आले. टाकी घ्यायचीच असेल तर निदान दोन माणसांना काम शिकवा, त्यांना या कामाचा वेगळा पगार द्या आणि किमान तीन वर्षांच्या देखभालीचा करार लेखी घ्या.

मुलुंडचा सचिव

तिघांचेही मनापासून आभार. इतकी नेमकी माहिती मिळेल असे वाटले नव्हते. आता दोन गोष्टी उरतात. टाकीतून रोज बाहेर पडणाऱ्या दीडशे-पावणेदोनशे लिटर मळीचे, म्हणजे पचलेल्या पातळ काल्याचे, काय करायचे? आमची बाग म्हणजे फाटकाजवळची दहा-बारा झाडे आणि कुंड्या. आणि स्फोटाची भीती कितपत खरी आहे? ज्या आजीआजोबांनी हा प्रश्न विचारला त्यांची समजूत घालायची नाही, त्यांना खरे उत्तर द्यायचे आहे.

गोबर गॅसचे जुने काम (निवृत्त)

मी नोकरीची बरीच वर्षे गावोगावी गोबर गॅसच्या टाक्या बांधून घेण्यात घालवली, त्यामुळे या चर्चेत राहवले नाही. मुंबईला हे शास्त्र नवे नाही, हे आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा गॅस दिव्यांसाठी वापरला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात लोखंडी तरंगत्या टोपाची टाकी घडवली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने, ज्याचे मुख्य कार्यालय आपल्या पार्ल्यात आहे, ती देशभर नेली. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' प्रकल्प विकसित केला. त्यात दळलेला कचरा मुख्य टाकीत जाण्याआधी गरम पाणी आणि हवा देऊन एका वेगळ्या टाकीत अर्धवट पचवून घेतात, त्यामुळे पुढचे काम लवकर होते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती सयंत्र केले आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर २०२२ पासून अन्नकचऱ्याच्या गॅसवर वीज करून विजेवरची वाहने चार्ज करण्याची सोय झाली. समितीतल्या शंका घेणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आजीआजोबांना हे सांगा की टाकीतला गॅस एकटा असताना पेटत नाही, कारण आत हवा नसते. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला तरच स्फोटक होतो. म्हणून धोका टाकीत कमी आणि गळती होऊन गॅस कोंडला जाईल अशा बंद खोलीत जास्त असतो. टाकी उघड्यावर ठेवा, तिच्यावर पत्र्याची बंद शेड करू नका, दाब वाढला तर पाण्याच्या सीलमधून गॅस आपोआप उंचावर निघून जाईल अशी व्यवस्था मागा, शेगडीच्या पाइपात ज्योत मागे येऊ न देणारी जाळी बसवा आणि दर महिन्याला सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. मैदानाच्या बाजूने जाळीचे कुंपण घाला. हे सगळे आराखड्यावर लिहून घ्या आणि सभेपुढे ठेवण्याआधी अग्निशमन दलाचा सल्ला घ्या.

मला ज्याची खरी भीती वाटते ती गोष्ट वेगळी आहे. बायोगॅसमध्ये थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा तो वास सुरुवातीला येतो, पण गॅस जास्त असेल तर नाक बधिर होते आणि माणसाला वास गेला असेच वाटते. हा गॅस हवेपेक्षा किंचित जड असल्याने खड्ड्यात आणि रिकाम्या टाकीत तळाशी बसतो. टाकी तुंबली म्हणून कुणी माणूस आत उतरवला तर तो बाहेर येईलच असे सांगता येत नाही, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही जातो. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत आपल्याकडे असे कितीतरी कामगार गेले, माणसाकरवी मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाल्यावरही गेले. तुमच्या ठरावात पहिले वाक्य हे असू द्या की या टाकीत कोणत्याही कारणासाठी माणूस उतरणार नाही, आणि साफसफाई बाहेरून, पंपानेच होईल. शिवाय शेगडीच्या आधी लोखंडाच्या किसाची गाळणी लावा. ती हायड्रोजन सल्फाइड अडवते आणि बर्नर गंजत नाही. किस काळा पडला की बदलायचा.

मळीविषयी. चाळीस दिवस नीट पचलेली मळी मातकट वासाची असते. आंबट वास आला तर पचन अर्धवट आहे असे समजा. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश शिल्लक असतात, पण ती नुसती कुंडीत ओतली तर मुळे जळतात. एक भाग मळीत आठ-दहा भाग पाणी घालून झाडांना द्या. तुमच्या दहा-बारा झाडांना रोज वीस लिटरही पुष्कळ झाले, हे खरे. म्हणून मळी जाड कापडातून किंवा वाळूच्या थरातून गाळा. गाळलेले पाणी दुसऱ्या दिवशी कचरा दळताना नळाच्या पाण्याऐवजी निम्मेअधिक वापरा, त्याने पाणीही वाचेल आणि जिवाणूही परत टाकीत जातील. सगळेच पाणी फिरवत राहू नका, कारण त्यात मीठ आणि अमोनिया वाढत जातो आणि तोही जिवाणूंना बाधतो, विशेषतः ज्या सोसायटीत मासळीचा कचरा बराच असतो तिथे. उरलेले पाणी मलवाहिनीत सोडण्याची परवानगी वॉर्डातून लेखी घ्या. गाळून राहिलेला घट्ट भाग चेंबूरच्या ताईंच्या पद्धतीने पाचोळ्याबरोबर पिंपात टाकला की उत्तम खत होते.

पावसाळ्याचे विसरू नका. टाकीचा चौथरा पाणी तुंबण्याच्या खुणेपेक्षा निदान दोन फूट वर घ्या आणि इनलेटवर घट्ट झाकण ठेवा, नाहीतर जुलैतल्या एका रात्रीच्या पावसाने आतले सगळे पातळ होऊन वाहून जाते आणि पुन्हा तबेला गाठावा लागतो.

मुलुंडचा सचिव (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांना कळवावे म्हणून लिहितो. निर्णयाआधी आम्ही महिनाभर कचरा तोलला. फाटकाजवळ वजनकाटा ठेवला, चेंबूरच्या ताईंसारखे टेबल मांडले आणि समितीतल्या दोघांनी रोज सकाळी सफाई कामगारांबरोबर उभे राहून निवड केली. ८५ किलो हा आकडा अंदाजाचाच होता. रोजची सरासरी ८१ किलो आली आणि त्यातला टाकीत घालण्याजोगा कचरा ६३ किलो निघाला. पहिल्या आठवड्यात दुधाच्या पिशव्यांचे २१४ त्रिकोण सापडले, चौथ्या आठवड्यात ३७. शिक्षक सरांच्या हिशेबाने रोज पाच-सहा घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे महिन्याला पाच ते सहा सिलिंडर. हा आकडा मी सभेत जसाच्या तसा वाचून दाखवला. सिलिंडरच्या आशेने हो म्हणणारे काही जण मागे सरले, पण वासाचे अर्ज देणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या तिघांनी हात वर केले.

पुरवठादाराने टाकी ६ घनमीटरची करण्याचे मान्य केले आहे. गॅस सफाई कामगार आणि वॉचमन यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत आणि सोसायटीच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाईल, जिथे आमच्याच इमारतीतल्या चार महिला रोज डबे करतात. त्या एलपीजीच्या दराने सोसायटीला पैसे देणार आहेत आणि त्यातून टेबलावरच्या दोन कामगारांचा वाढीव पगार निघेल. माणूस टाकीत उतरणार नाही, हे ठरावाचे पहिले वाक्य आहे.

आता चौथऱ्याचे काम सुरू होते आहे. ताई, आरेतल्या तबेल्यातून शेण आणताना टेंपोत ते पिंपांतून आणले की मोकळे, आणि आणल्यावर किती तासांत कालवावे, एवढे कृपया कळवा.

चेंबूर, कचरा समिती

झाकणाच्या निळ्या पिंपांतून आणा, पण पिंपे पाऊणच भरा, कारण वाटेत शेण फुगते आणि झाकण उडते. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कालवून टाका. कालवताना गवताच्या काड्या आणि खडे हाताने काढा, आणि पाणी आदल्या दिवशी भरून उघडे ठेवलेले घ्या, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून गेलेले असते. पहिल्या ज्योतीच्या दिवशी आम्हाला बोलवा, आमच्या दोन्ही सफाई कामगार ताईंना घेऊन येते. तुमच्या माणसांना शिकवायचे ते त्याच शिकवतील.